एमएसच्या इंजेक्शनसाठी ट्रस्टची मदत: गाडी अडते ती एस्टिमेटवर

आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, एमआरआय रिपोर्ट हे सगळं जमतं. माझ्या बहिणीच्या मल्टिपल स्क्लेरोसिससाठी (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) ट्रस्टांकडे अर्ज करताना खरा घाम काढला तो रुग्णालयाच्या एस्टिमेटने, म्हणजे खर्चाच्या आगाऊ अंदाजपत्रकाने.

बहुतेक ट्रस्टांचा फॉर्म ऑपरेशन डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो: किती दिवस भरती, सर्जनची फी, खोलीचं भाडं. एमएसचं हे इंजेक्शन, रिटुक्सिमॅब, मात्र सलाइनमधून देतात, सकाळी दाखल आणि संध्याकाळी घरी, आणि साधारण दर सहा महिन्यांनी पुन्हा. बिलिंगच्या खिडकीवर उत्तर मिळतं, 'डे-केअरचं एस्टिमेट देत नाही, झाल्यावर बिल घेऊन जा.' भरून झालेल्या बिलावर ट्रस्ट सहसा छदामही देत नाहीत! रोज अशा रुग्णांशी गाठ पडणाऱ्या माणसांनी हे बोलावं याचा राग अजून जात नाही. खिडकीशी हुज्जत घालू नका. थेट मेडिकल सोशल वर्करताईंकडे जा. लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी आणि वर्षाच्या दोन्ही डोसांचा वेगवेगळा खर्च दाखवून एस्टिमेट मागा. हिपॅटायटिस बी, टीबी आणि रक्ताच्या तपासण्या, सलाइनआधीचं स्टिरॉइड, डे-केअरचा चार्ज हेही त्यातच हवं. नंतर वाढीव रक्कम मिळत नाही.

एस्टिमेट मिळालं तरी एक खोच उरते. रिटुक्सिमॅबच्या पाकिटातल्या माहितीत कॅन्सर आणि संधिवात असतो, एमएस नसतो. मग ट्रस्टचे डॉक्टर विचारतात, हे औषध का? म्हणून न्यूरोलॉजिस्टच्या पत्रात निदानाचं वर्ष, आधीची औषधं आणि ती का थांबवली, डोस किती मिलिग्रॅम आणि किती महिन्यांनी, हे स्पष्ट लिहून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी रिटुक्सिमॅब घेतलं आहे. ते एक वाक्य पत्रात असलं की प्रश्न तिथेच मिटतो. डॉक्टर घाईत असतात, त्यामुळे मसुदा आपणच टाइप करून न्यावा.

धर्मादाय रुग्णालय असेल तर आधी तिथेच अर्ज टाका. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी वर्गवारी आहे. रुग्णालयाने किती सूट दिली हे ट्रस्ट विचारतातच.

नावाचं आधीच बघायला हवं होतं, सांगायचं राहिलं. एमएस बायकांना जास्त होतो, आणि जुने रिपोर्ट माहेरच्या नावाचे, रेशनकार्ड सासरचं. विवाह नोंदणी दाखल्याची प्रत पहिल्याच गठ्ठ्यात लावा.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे. मुंबई आणि पुण्यात शाखा आहेत, तिथे नाव नोंदवून ठेवा.

चेक रुग्णालयाच्या नावे निघतो आणि त्याची मुदत तीन महिने. लघवीचं इन्फेक्शन असलं की डॉक्टर डोस पुढे ढकलतात, आणि एमएसमध्ये ते वरचेवर होतं. म्हणून चेक हाती येताच कॅश काउंटरवर रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर जमा करून पावती घ्या, इंजेक्शनची तारीख ठरायची वाट पाहू नका. पावतीची झेरॉक्स ट्रस्टला द्या. पुढच्या डोसच्या अर्जाला ती लागते.