तुम्ही विचारलंत म्हणून: घरी शिकलेल्या मुलाला शाळा घेईल का, आणि ठेवून घेईल का?

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्यात मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते, आणि घरी शिकवल्या जाणाऱ्या मुलांच्या आया मला एक प्रश्न हमखास विचारतात, बहुधा मी निघताना, चप्पल घालत असताना: "बाई, इतकी वर्षं ह्याला आम्ही घरीच शिकवलं. आता शाळेत घालायचं म्हटलं तर घेतील का? आणि घेतलं, पण तिथं ह्यानं काही दंगा केला तर काढून टाकतील?" यातील पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात तितकेच सोपे आहे, शाळेच्या व्हरांड्यात मात्र नाही.

प्रवेशाचे आधी सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, ज्याला आपण सगळे आरटीई म्हणतो, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, आणि त्या मुलाने आधी शाळेचे तोंड पाहिलेले असावे अशी अट त्यात कुठेही नाही. उलट कलम ४ अशाच मुलांसाठी आहे: जे मूल कधी शाळेत गेलेच नाही किंवा ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवायचे आणि राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला "अजून जोडाक्षरे येत नाहीत, पहिलीत बसवू" असे म्हणणे कायद्याला धरून नाही. आधीच्या शाळेचा दाखला नाही, कारण आधीची शाळाच नाही. वयाचा पुरावा हाताशी नाही. जून उलटून गेला आहे. यांपैकी कोणत्याही कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेऊन निवड करणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा आरटीईच्या कक्षेबाहेर आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. पण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या सर्वच शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, यासाठी आहे. ज्या मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, त्याला या कायद्याने वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. टक्केवारीचा प्रश्न आला म्हणून सांगते, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र, काढायचे राहिले असेल तर ते आधी काढा. ते नसल्याने प्रवेश अडत नाही, पण प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि पुढे परीक्षेतील सवलती अडतात.

आता ज्या तरतुदीचा सर्वांत जास्त गैरवापर मी पाहते, तिच्याविषयी. २०१२ मध्ये आरटीईत दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा, म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकण्याचा, पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. जे मूल अंथरुणावरून उठू शकत नाही, ज्याला दिवसातून अनेकदा झटके येतात, त्याच्यासाठी ही फार मोलाची तरतूद आहे. पण हा पर्याय निवडायचा तो मुलाने, म्हणजे त्याच्या वतीने पालकांनी. शाळेने तो मुलाच्या हाती ठेवून त्याला घरी पाठवायचे, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. तरीही दोन पायांवर धावणारे, बोलणारे, फक्त वर्गात एका जागी न बसणारे मूल "गृहाधारित"च्या यादीत गेलेले मला आढळते, आणि कारण विचारले तर उत्तर शिस्तीचे मिळते, दिव्यांगत्वाचे नाही. एकदा घरी बसवलेल्या मुलाला पुन्हा शाळेत यायचे असेल, तर ती निवड बदलण्याचा अधिकारही त्याचाच आहे. त्यासाठी नव्याने कोणाची कृपा मागावी लागत नाही.

काढून टाकण्याचे म्हणाल, तर आरटीईच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पाचवीत आणि आठवीत नापास करण्याची मुभा २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरील ही बंदी तशीच राहिली. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे आणि ते करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. हे सगळे मुख्याध्यापकांनाही ठाऊक असते. म्हणून काढून टाकल्याचे पत्र कोणीही देत नाही. येतो तो फोन: "आज जरा जास्तच करतोय, घेऊन जा." आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज अकरा वाजता. आई शेतातले किंवा कंपनीतले काम टाकून येते आणि महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःच म्हणते, राहू दे, घरीच बरे होते. मुलाला शाळेने काढले नाही, आईने पाठवले नाही, एवढेच काय ते कागदावर उरते. एका शाळेत मी हजेरीपट पाहिला, तेव्हा ज्या दिवशी मूल साडेअकराला घरी गेले होते त्या प्रत्येक दिवशी त्याच्या नावापुढे हजेरी लागलेली होती. म्हणजे नोंदीनुसार ते दिवसभर वर्गात होते आणि त्याला घरी पाठवण्याची घटना घडलीच नव्हती.

याच मुलाचे थोडे अधिक सांगते, कारण 'बेशिस्त' म्हणजे नेमके काय ते त्याच्या बाबतीत स्पष्ट दिसले. मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला), वय नऊ, आईने घरी उत्तम शिकवलेला. एसटीच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकलेला, आणि कोणतीही तारीख सांगितली की वार सांगणारा. शाळेत त्याच्या नावावर 'मारकुटा' असा शिक्का बसला होता. मी वर्गशिक्षिकेला एका वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: आधी काय चालले होते, त्याने काय केले, आणि नंतर त्याला काय मिळाले. आठवडाभराच्या नोंदींत दिसले की ढकलाढकलीचे जवळजवळ सगळे प्रसंग परिपाठाच्या वेळचे किंवा खिचडीच्या रांगेतले होते. परिपाठाला पत्र्याच्या शेडखाली लाऊडस्पीकर शिट्टी मारायचा, तो दोन्ही कान दाबून मागे सरकायचा आणि मागचा मुलगा त्याला पुढे लोटायचा. खिचडीच्या रांगेचे कारण वेगळे होते: घरी एकट्याने जेवणाऱ्या मुलाने रांग कधी पाहिलेलीच नव्हती. आणि नंतर काय मिळाले, या रकान्यात प्रत्येक वेळी एकच उत्तर होते: आई आली. गोंगाटापासून सुटका हवी असेल तर कोणाला तरी ढकलायचे, हे शाळेनेच त्याला शिकवले होते. पुढे त्याला परिपाठाच्या वेळी दुसऱ्या टोकाच्या वर्गात फळ्यावर तारीख, वार आणि पट लिहायचे काम दिले आणि रांगेत त्याची जागा सर्वांत पुढे ठरवली. ढकलणे पूर्ण थांबले नाही. पण फोन थांबले.

शिक्षकांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लिहिणे एकांगी होईल. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षिकेने एका मुलावर सतत नजर ठेवावी ही अपेक्षा अवास्तव आहे, आणि ज्या मुलाला मार बसतो त्याच्या आईची तक्रार खोटी नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण ठरवले. आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतात त्या शाळांची यादी पाहिली तर हे प्रमाण वाचून हसू येते. भांडणारी मुले तेवढ्यापुरती वेगळी करणे, शांत कोपऱ्यात बसवणे, मोठ्या माणसाने मध्ये उभे राहणे, हे सगळे शाळेने करावेच. खोलीत कोंडणे, वर्गासमोर उभे करून लाजवणे आणि घरी पाठवणे, हे त्यात बसत नाही. स्वखर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्या मुलासोबत राहणारा मदतनीस शिक्षक, आणलात तरच मुलाला ठेवू, अशी अट काही खासगी शाळा घालतात, तीही बसत नाही. मुलाला लागणारा आधार देण्याची जबाबदारी २०१६ च्या कायद्याने संस्थेवर टाकली आहे.

तेव्हा फोन आला तर काय करायचे? भांडू नका, पण लेखी मागा. "आज अमुक वाजता मुलाला घरी नेण्यास सांगण्यात आले, कारण कळवावे," एवढा दोन ओळींचा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. माझा अनुभव असा की पोच मागितल्यावर निम्मे फोन आपोआप बंद होतात. त्याच अर्जात मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करण्यासाठी बैठक मागा आणि तुम्ही घरी त्याला कसे शांत करता ते लिहून द्या. इतकी वर्षे त्याला तुम्ही शिकवले आहे आणि ही माहिती शाळेत दुसऱ्या कोणाकडेही नाही. याने भागले नाही तर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जा. आरटीईखालील लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दिव्यांगत्वामुळे भेदभाव झाला असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते.

शेवटी एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. आरटीईचे संरक्षण आठवीला संपते. मुलगा सातवीत असतानाच नववीची शाळा ठरवून ठेवा, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी करायची असेल तर वयाची चौदा वर्षे पूर्ण व्हावी लागतात हे ध्यानात ठेवा. १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसवण्याचा विचार असेल, तर मंडळ शाळा सोडल्याचा दाखला मागते, आणि ज्या मुलाचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर कधी लागलेच नाही त्याच्यापाशी तो नसतो. फक्त एवढ्या एका कारणासाठीही, घरी शिकवणे पुढे चालूच ठेवणार असाल तरी, चौदाव्या वर्षाच्या आत नाव घालून घ्या.