काका, दहा सांगा जी

आमच्या तालुक्याच्या गावी मोटरसायकलचं जे शोरूम आहे, त्याला दोन दारं आहेत. एक काचेचं, रोडकडे तोंड केलेलं. दुसरं मागच्या बोळीत, पत्र्याचं, जमिनीवर घासत उघडणारं. काचेच्या दारातून माणूस जन्मात दोन-तीनदा जातो. पत्र्याच्या दारातून तो गाडी विकेपर्यंत जात राहतो. तरी सगळी शोभा काचेच्या दारालाच का, हा प्रश्न मला पत्र्याच्या दारामागच्या बाकड्यावर बसल्या-बसल्या पडतो. तिथं दुसरं करण्यासारखं काही नसतंच.

काचेच्या दारातून दसऱ्याच्या आसपास जाऊन पाहावं. नवरदेवाचा मान मिळतो. "या दादा, बसा जी, थंड घेता का गरम?" गादीची खुर्ची, सीलबंद पाण्याची बाटली, वर एसी. सोयाबीन कापणीला आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी अजून व्हायची असते, खिशात फारसं काही नसतं. पण त्याची चिंता आपण करायची नाही, फायनान्सवाला पोरगा तिथंच टेबल टाकून बसलेला असतो. गाडीला हार, चाकाखाली लिंबू, हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली आणि फोटो. २०२५ च्या २२ सप्टेंबरला साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना. पितृपक्षात गाडी नुसती बघून ठेवलेली माणसं त्या सकाळी काचेच्या दाराशी उभी होती. पंचांग आणि सरकार एका तारखेवर येण्याचा योग आमच्याकडे फार वेळा जुळून येत नाही.

मान देऊन झाला की एक कागद पुढे सरकतो. गाडीची किंमत, आरटीओ, विमा, नंबरप्लेट, अॅक्सेसरीज, हँडलिंग. नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो, हे खरं आहे. तो याच टेबलावर काढावा असं मात्र कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. गाडीसोबत हेल्मेट द्यायचं, हा तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतलाच नियम. आमच्याकडे ते 'भेट' म्हणून देतात आणि देतानाचाही फोटो काढतात. माझ्या भाच्यानं गाडी घेताना विचारलं, "हँडलिंग म्हणजे कायचे पैसे जी?" समोरचा पोरगा गडबडला नाही. म्हणाला, "गाडी हाताळली ना भाऊ आम्ही." आता यावर भांडणार कोण? मुहूर्त टळत होता, आणि वहिनी ओवाळायचं ताट घेऊन घरी दारात उभ्या होत्या.

पत्र्याच्या दारामागचं जग वेगळं आहे. तिथं लोखंडी बाकडं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की त्यावर रुमाल टाकल्याशिवाय बसता येत नाही. शेडमध्ये एक कूलर आहे, पण त्याचं तोंड सुपरवायझरच्या टेबलाकडे. मेकॅनिकांच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असतो, त्यामुळे दुपारी बारानंतर कोणी बोलून उत्तर देत नाही. गाडी केव्हा मिळेल, असं विचारलं की हात वर करून हवेत गोल फिरवतात. तो गोल तासाभराचा की दिवसभराचा, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. ज्याला फार घाई असेल त्याच्यासाठी मेकॅनिक बाहेर जाऊन थुंकून येतो आणि सांगतो, "सायबाले विचारा."

साहेब विचारतात, "काय प्रॉब्लेम हाय?"

"मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा जातच नाही."

"गाडी चालते ना?"

"चालते."

"मंग चालवा ना काका. सेन्सर नागपूरवरून यायचा हाय. आला की फोन करतो."

हा फोन कोणाला आल्याचं बाकड्यावरच्या कोणालाच आठवत नाही.

एकदा साहेबांनी गाडीचं मागचं मडगार्ड पाहिलं. आत काळी माती ठासून बसलेली. जुलै महिना, पांदणीतून गाडी काढली होती, दुसरं काय बसणार? आमची काळी माती अशी की पाऊस पडला की चाक फिरणं बंद, मग काडीनं माती कोरत बसा. साहेब म्हणाले, "गाडी वावरात नेता काय? मंग असंच होईन." मी काही बोललो नाही, फक्त त्यांच्या डोक्यामागच्या फ्लेक्सकडे पाहिलं. त्यावर हीच गाडी, हिरव्यागार वावराच्या मधोमध, वर बसलेला फेटेवाला शेतकरी दात काढून हसतोय. त्याच्या टायरला मातीचा कण नाही. कंपनीला बहुतेक वाटत असावं की गाडी वावरात आकाशातून उतरते. आम्ही तिच्यावरून सरकीच्या ढेपेचं पोतं नेतो, फवारणीचा पंप नेतो, दुधाच्या कॅन नेतो, आणि रविवारी तिच्यावरूनच बायको-पोरांना घेऊन लग्नाला जातो.

पूर्वी हे बाकडं एवढं भरलेलं नसायचं. फ्री सर्व्हिसिंगचे कूपन संपले की शोरूमचं तोंड पाहायची गरज नसे, कारण फाट्यावर मिस्त्री होते. ते आजही आहेत. गाडी लांबून येताना ऐकली तरी त्यांना कळायचं: "टॅपिट वाजून रायलं तुमचं." कार्बोरेटर उघडायचा, पेट्रोलनं धुवायचा, फुंकर मारायची, की गाडी सुरू. पैसे कापूस विकल्यावर दिले तरी चालायचं. मग १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-सहा निकष लागू झाले आणि आमच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांमधून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले, आणि त्या सगळ्यांवर देखरेख करणारा एक छोटा कंप्युटर आला. धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण गाडीचं दुखणं ओळखायला कानाऐवजी स्कॅनर लागू लागला, आणि आमच्या भागात तो स्कॅनर पत्र्याच्या दारामागे आहे. पिवळ्या दिव्याकडे पाहून मिस्त्रींनी हात पुसले. "हे माह्याच्यानं नाही होत बाप्पा. आन् मी उघडली तर ते लोकं म्हनतीन, वारंटी गेली." माझ्या मते त्या दिवसापासून साहेबांच्या आवाजाला धार आली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे कळल्यावर कोणाचाही आवाज बदलतो.

आमचीही वाट पाहायची तयारी दांडगी, हे मान्य करावं लागेल. वडिलांच्या पिढीनं बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं काढली. आम्ही पावसाची पाहतो, पीककर्जाची पाहतो, सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर कापूस मोजला जायची पाहतो. इतक्या ठिकाणी तयार झालेला माणूस सर्व्हिसिंगच्या बाकड्यावर बसून लगेच पाय आपटत नाही. तो शेजारच्याला विचारतो, "कोनतं गाव?" आणि अर्ध्या तासात सोयरीक निघते.

बाकड्यावर निवृत्त गुरुजी असले की ज्ञानही मिळतं. त्यांनी एकदा सगळ्यांना ग्राहक संरक्षण कायदा शिकवला. पहिला कायदा १९८६ चा, नवा २०१९ चा, आणि तो लागू झाला २० जुलै २०२० ला. नव्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दुकानदाराच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि तेवढंही नको असेल तर १९१५ नंबरवर फोन लावायचा. गुरुजी एकेक मुद्दा बोटावर मोजत होते. सगळं खरं होतं, सगळ्यांनी माना हलवल्या. मग टोकाला बसलेला एक जण म्हणाला, "गुरुजी, पन यवतमाळले तारखेवर जायले गाडी पाह्यजे ना. गाडी तं अंदर हाय."

तक्रार न करण्याचं खरं कारण मात्र ते नाही. खरं कारण काउंटरवर बसलेला पोरगा आहे.

तो आमच्या शेजारच्या गावचा. आयटीआय झालेला, रोज एसटीनं ये-जा करतो. मोटरसायकलच्या शोरूममध्ये नोकरी आणि स्वतःला मोटरसायकल नाही. त्याच्या वडिलांसोबत मी कापूस केंद्रावर रात्र काढलेली आहे, एकाच ताडपत्रीखाली. मी घरून ठरवून जातो की आज सोडायचं नाही, दोन शब्द सुनवायचेच. काउंटरशी पोचतो, घसा साफ करतो, आणि तो मान वर करून म्हणतो, "काका, काकूचं गुडघ्याचं कसं हाय आता?" संपलं. गुडघ्याची चौकशी करणाऱ्या पोरावर ओरडायचं कसं? साहेब काचेच्या खोलीत, मालक जिल्ह्याच्या गावी, कंपनी आणखी कुठे. आमच्या हाताशी येतो तो फक्त हा, ज्याच्या हाती सेन्सरही नाही आणि पगार वाढवणंही नाही.

मागच्या सर्व्हिसिंगला गाडी मिळाली तेव्हा डावा आरसा तडकलेला होता. मी दाखवला. पोरानं जॉब कार्ड काढलं. त्यावर गाडीचं चित्र छापलेलं असतं, गाडी आत घेताना कुठं ओरखडा, कुठं डाग, ते त्यावर खुणा करून लिहायचं. आमच्याकडे न पाहताच सगळीकडे फुल्या मारून ठेवतात, म्हणजे गाडी जन्मतः मोडकी होती असं कागदोपत्री सिद्ध होतं. आरशावरही फुली होती. पोरगा फुलीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. "काका, धुतानी लागला असंन. पाह्यतो मी." आणि लगेच आवाज खाली आणून, "कंपनीतून फोन येईन तुमाले. दहापैकी किती मार्क म्हनतीन. दहा सांगा जी. कमी झाले की आमचे पैसे कापतेत."

हे तो प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण दहा सांगतो. गुरुजींनीही सांगितले. ज्याची गाडी आत अडकून होती त्यानंही सांगितले. कंपनीच्या कुठल्यातरी पडद्यावर आमचा तालुका एवढा आनंदी दिसत असेल की तिथल्या एखाद्या मोठ्या माणसानं साहेबांच्या पाठीवर थाप मारली असेल. सेवा सुधारण्यासाठी काढलेला हा फोन. पण त्याचा चाप एका पोराच्या पगाराला लावलेला असल्यामुळे खरं काही त्यातून वर जातच नाही. फोन काढणाऱ्याला हे कळत नसेल, असं मला वाटत नाही.

मला फोन आला तेव्हा मी तुरीच्या तासात होतो. बाई हिंदीत बोलत होती, आवाज गोड. गाडी वेळेवर मिळाली का, धुऊन मिळाली का, कर्मचारी नीट बोलले का. शेवटच्याला मी मनापासून हो म्हटलं, तो पोरगा कधीच वाईट बोललेला नाही. मग ती म्हणाली, दस में से कितने देंगे आप? मी नौ म्हटलं. तिनं धन्यवाद देऊन फोन ठेवला.

संध्याकाळी बैल सोडायच्या आत पोराचा फोन. आवाज रडवेला नव्हता, कोड्यात पडलेला होता.

"काका, एक कुठं कापला जी?"

"आरशाचा."

तिकडे थोडी कुजबुज झाली. कोणाला तरी विचारून तो परत आला.

"सायब म्हनते, आरसा फुकटात लावून देतो. पन मंग कंपनीले उलटा फोन करून दहा सांगता येतात का, ते पाहून ठेवजा जी."