शिट्टीखाली गेलेलं वाक्य

मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की आमची आई पुण्याची होते. एरवी स्वयंपाकघरातून "काय करून राहिली गं तू?" असं ओरडणारी ही बाई एकाएकी पदर सारखा करते, घसा खाकरते आणि म्हणते, "आमचं बालपण अतिशय आनंदात व्यतीत झालं." व्यतीत! हा शब्द सत्तरी ओलांडेपर्यंत तिने कुठल्या ट्रंकेत जपून ठेवला होता, देव जाणे. इंदूरच्या मराठीला हिंदीची फोडणी असते, हे तिकडच्या पाहुण्यांनी इतक्यांदा हसत हसत ऐकवलंय की रेकॉर्डर हाही त्यातलाच एक पाहुणा, असं तिला वाटत असावं.

मुलाखतीचं डोक्यात आलं ते मावशी गेली तेव्हा. तेराव्याला रामबागेतल्या वाड्याचा विषय निघाला आणि जिन्याखालच्या खोलीत कोण राहायचं यावरून दोन मामांची चांगलीच जुंपली. शेवटी "ताईला माहीत होतं" एवढं म्हणून दोघेही गप्प झाले. मी घरी आले आणि वहीत वीस प्रश्न लिहून काढले.

पहिला प्रश्न : तुझी सगळ्यात जुनी आठवण कुठली?

"कोणाची?"

"तुझी."

"माझी वेगळी काय असणार? आम्ही सगळे बरोबरच होतो की."

हे 'आम्ही' काही केल्या हटेना. अनंत चतुर्दशीच्या रात्री जेल रोडवर कुणाच्या तरी माडीवर दाटीवाटीने बसून 'आम्ही' गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायचो. (गिरण्या बंद पडल्या, झांक्या अजून निघतात.) गिरणीचा भोंगा झाला की 'आम्ही' शाळेला निघायचो. एकदा तर 'आम्हाला' गोवर आला होता. सगळ्यांना? "नाही, मलाच."

सालं विचारण्यात तर काहीच अर्थ नव्हता. वाढदिवससुद्धा शाळेच्या दाखल्यात १ जुलै आणि घरात नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. आजीबद्दल विचारलं, तर म्हणाली, आजी होळकरांच्या राज्यात जन्मली, १९४८ मध्ये मध्य भारतात गेली आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आली, आणि एवढा सगळा प्रवास तिने रामबागेतल्या एकाच चुलीपुढे बसून केला. हे वाक्य मात्र मला फार आवडलं. ते आईचं की मावशीचं, हे विचारायचं राहून गेलं.

सालांच्या ऐवजी तिची स्वतःची एक कालगणना आहे : नर्मदा यायच्या आधी आणि नर्मदा आल्यानंतर. १९७८ साली मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून नर्मदेचं पाणी इंदूरला आणलं. त्याच्या आधी यशवंत सागर तलाव होता, विहिरी-बावड्या होत्या, आणि उन्हाळ्यात यातलं काहीच पुरत नव्हतं. मावशीचं लग्न 'आधी'चं, माझा जन्म 'नंतर'चा. आजही वरच्या टाकीतून पाणी सांडायला लागलं की आई हातातलं काम टाकून पंपाचं बटण बंद करायला धावते. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, हे त्या क्षणी फक्त आम्हाला आठवतं.

चौथ्या दिवशी मी प्रश्नांचा नाद सोडला. आई मटार सोलत होती. मी मोबाइल वर्तमानपत्राखाली सरकवला आणि शेजारी बसून सोलू लागले. चोरीच म्हणा. पण हातात शेंगा आल्या की तिला पुणं आठवत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. आधी रेडिओ निघाला. आकाशवाणी इंदूरवर नंदाजी आणि भेराजी मालवी बोलीत शेतीच्या गप्पा मारायचे, त्या दोघांची तिने अशी हुबेहूब नक्कल केली की माझ्या हातातले दाणे सांडले. शेतीशी आमच्या घराचा संबंध परसातल्या अळूपुरता, पण कार्यक्रम चुकवायचा नाही. मग बोलता बोलता गाडी नळावर आली.

नळाला पाणी यायचं पहाटे, तेही तासभर. म्हणून रात्रीच भांडी लाइनीत लावून ठेवायची. घागर, बाल्टी, हंडा, कुणाचा नुसता डालड्याचा डबा, तर कुणाची जागा धरायला ठेवलेली वीट. माणसं झोपलेली आणि भांडी रांगेत उभी. एका पहाटे आई उठून बघते, तर तिची घागर चौथ्या नंबरावरून नवव्यावर गेलेली आणि चौथ्यावर शेजारच्या मुलीची.

"मग?"

"मग काय? मला असा राग आला ना! मी सीधी गेली, तिची घागर उचलली आन्..."

इथे कुकरची शिट्टी झाली. एक नाही, लागोपाठ तीन. नंतर रेकॉर्डिंगमध्ये आईचं खोखो हसणं ऐकू येतं आणि मग, "...वर्षभर तिची आई आमच्या ओटल्यावर नाही चढली." त्या दिवशी मीसुद्धा हसले होते, म्हणजे मधलं वाक्य मी ऐकलं असणार. पण शिट्टी झाली तशी मी गॅस बंद करायला उठले होते. आईबरोबर हसायला कारण लागत नाही, हेही खरंच.

रात्री हेडफोन लावून तेवढा तुकडा दहा वेळा ऐकला. चाळीस मिनिटांत 'मी' म्हणून तिने जे एकमेव काम केलं होतं, ते नेमकं शिट्टीखाली गेलं होतं.

आमच्या गॅलरीत तांब्याची एक जुनी घागर आहे, तिच्यात मनीप्लांट लावलाय. तिला एका अंगाने चांगलाच पोचा आलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवताना मी सहज विचारलं, "आई, गॅलरीतली ती घागर कुणाची गं?"

"माहेरची."

"पोचा कसा आला?"

"भांड्याला पोचा येतोच."

"आणि नळावरच्या त्या मुलीच्या घागरीचं तू काय केलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या मोबाइलकडे. तो चार्जिंगला लावलेला होता, खरंच बंद होता. तरी तिने पदर सारखा केला.

"त्या काळी," आई म्हणाली, "पाण्याचे अतिशय हाल होते."