वडिलांकडची आत्या

आज मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात एक ताई खोकल्याचं औषध न्यायला आल्या. वय ३४. उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माझी आत्या छातीच्या कॅन्सरनं गेली, ३९व्या वर्षी. पण ती वडिलांकडची. मला काय धोका न्हाई न्हवं?"

मी त्यांना परत बसवलं. केसपेपरच्या मागं वंशावळ काढली, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार झालेल्याचं चिन्ह काळं. बीआरसीए या जनुकात दोष असला की स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो दोष वडिलांकडूनही येतो. त्यांच्यात असेल तर प्रत्येक मुलाला-मुलीला ५० टक्के शक्यता. विचारत गेलो तशी इचलकरंजीची आतेबहीणही निघाली, ४२व्या वर्षी ऑपरेशन झालेली. दुसरा गोल काळा केला आणि ताई गप्पच झाल्या.

घाबरू नका म्हटलं, स्तनाच्या कॅन्सरपैकी ५ ते १० टक्केच असे आनुवंशिक असतात. पण जनुकाची तपासणी आधी आतेबहिणीची करू. जिला आजार झालाय तिच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांना नेमकं सांगता येतं. वीस मिनिटं गेली, बाहेर बाकावर गर्दी. जाऊ देत.

इतकी वर्षं मी फक्त "आईला होता का?" एवढंच विचारत आलो. फार वाईट वाटतंय.

संध्याकाळी फोन आला, "बोलले तिच्याशी. सोमवारी घेऊन येते."