बेळगावच्या रस्त्यांवर हेड-अप डिस्प्ले: पैसे वसूल होतात का?

चाळिशी लागली की पेपर हातभर लांब धरावा लागतो. तीच अडचण गाडीतल्या मीटरलाही येते. मीटर डोळ्यांपासून साधारण ७० ते ८० सेंटीमीटरवर असतो. रस्त्यावरची नजर तिथे आणायची तर डोळ्याच्या भिंगाला सव्वा ते दीड डायॉप्टरचा (भिंगाची ताकद मोजण्याचं माप) जोर लावावा लागतो, आणि पन्नाशीनंतर बहुतेकांच्या डोळ्यांत तेवढी ताकद जेमतेम उरलेली असते. आकडा दिसतो, पण क्षणभर उशिरा. वेग, वळणाचा बाण अशी माहिती समोरच्या काचेतून नजरेसमोर दाखवणाऱ्या हेड-अप डिस्प्लेचा (एचयूडी) खरा फायदा इथे आहे, आणि शोरूममध्ये नेमका हाच कोणी सांगत नाही.

'काचेवर आकडे दिसतात' असं आपण म्हणतो, पण प्रतिमा काचेवर नसतेच. ती बॉनेटच्या टोकाजवळ, डोळ्यांपासून दोन-अडीच मीटरवर उभी असल्यासारखी दिसते. तिथे बघायला अर्धा डायॉप्टरसुद्धा पुरतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा (वर दूरचा, खाली जवळचा नंबर) वापरणाऱ्याला मीटर वाचताना हनुवटी वर-खाली करून चष्म्याचा योग्य पट्टा शोधावा लागतो. एचयूडीचा आकडा चष्म्याच्या वरच्या, दूरच्या भागातूनच वाचता येतो. म्हणून वडीलधारी माणसं स्वतः गाडी चालवणार असतील तर माझं मत सरळ 'घ्या' असं आहे. पंचविशीतल्या मुलाला त्याची तेवढी गरज नाही.

दुसरा हिशोब अंतराचा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. निपाणी-चिकोडी पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतानाही रस्त्यावर असतात. तिथे मीटरकडे बघण्यात गेलेला एक सेकंद म्हणजे २२ मीटर आंधळा रस्ता. एचयूडी ट्रॉली ओळखून देत नाही, फक्त नजर रस्त्याच्या दिशेला ठेवतो. आणि नजर समोर असली म्हणजे लक्षही समोर असतं असं नाही. आकड्यात आणि बाणांत मन गुंतलं की त्यांच्यापलीकडचा रस्ता दिसूनही दिसत नाही. लढाऊ विमानांत हे यंत्र आधी आलं आणि वैमानिकांच्या बाबतीतही हाच धोका दिसून आला. त्यामुळे मेनूमध्ये जाऊन गाण्याचं नाव, फोन, आरपीएम हे सगळं बंद करा. वेग, वेगमर्यादा आणि वळणाचा बाण, एवढंच पुरे.

आता काचेकडे येऊ, कारण पैशाचा प्रश्न तिथेच आहे. डॅशबोर्डच्या आत एक छोटा उजळ स्क्रीन असतो. त्याचा प्रकाश आरशांवरून उडून, शेवटी एका अंतर्वक्र आरशावरून समोरच्या काचेवर पडतो आणि तिथून डोळ्यांत येतो. समोरची काच ही दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाचा पातळ प्लास्टिकचा थर दाबून केलेली असते. साध्या काचेत आतली आणि बाहेरची बाजू समांतर असल्याने दोन्हीवरून वेगवेगळं प्रतिबिंब येतं आणि आकड्याच्या वर-खाली फिकट जुळा आकडा दिसतो. एचयूडीच्या काचेत हा मधला थर खालून वर किंचित पाचरीसारखा जाड होत जातो, त्यामुळे दोन्ही प्रतिबिंबं एकमेकांवर बसतात. डोळ्यांना ही पाचर दिसत नाही. म्हणूनच काच फुटल्यावर साधी काच बसवली जाते आणि मालकाला महिनाभराने रात्री गाडी चालवताना आकडे दुहेरी दिसायला लागतात. ब्राइटनेस कमी-जास्त करून हा दोष जात नाही, काच पुन्हा बदलावीच लागते.

आपल्याकडे काच फुटणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर पुढच्या डंपरमधून उडालेली खडी किंवा जांबोटी-कणकुंबीकडे उखडलेल्या रस्त्यावर समोरच्या चाकाखालून सुटलेला दगड पुरे होतो. बारीक टवका रेझिन भरून थांबवता येतो, पण खूण राहते, आणि ती नेमकी आकड्यांच्या जागी असेल तर कायम खटकते. काच बदलायची झाल्यास ती मागवावी लागते, शिवाय गाडीच्या आतल्या, मागचं दाखवणाऱ्या आरशापाशी बसवलेला कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा लागतो. तो केला नाही तर लेन ओळखणं आणि आपोआप ब्रेक लागणं चुकू शकतं. म्हणून गाडी बुक करण्याआधीच विचारा: काच कुठून येते, किती दिवस लागतात, कॅलिब्रेशनसाठी लागणारे खुणांचे फलक नेमक्या कोणत्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहेत? बेळगावातच होईल की कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्याला न्यावी लागेल, हे लेखी घ्या.

विम्याचं एक बरं आहे. आपल्या सर्वसाधारण मोटर विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत. रबर, नायलॉन, प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. पण काचेसाठी क्लेम केला तर नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो. एचयूडीची गाडी असेल तर बोनस राखणारं जोड-कव्हर घेणं शहाणपणाचं.

गाडी हातात आल्यावर आधी सीट नीट करून घ्या, मग एचयूडी. प्रतिमा एका लहानशा चौकटीतूनच दिसते आणि डोळे त्या चौकटीबाहेर गेले की वरची किंवा खालची ओळ कापली जाते. पाठ टेकवून, नेहमीसारखं बसून, सेटिंगमधून उंची बदला. आकड्यांची खालची कड बॉनेटच्या जरा वर यावी. पुढच्या गाडीच्या चाकांवर आकडा चढला तर तो खाली घ्या. प्रतिमा तिरकी वाटली तर बहुतेक गाड्यांत फिरवण्याची सोय असते. मग हे सगळं सीटच्या मेमरी बटणावर साठवा. घरात दोघं चालवत असतील तर प्रत्येकाचं वेगळं बटण ठेवा, नाहीतर रोज सकाळी आकडा गायब असल्याची तक्रार होणार.

अशीच दुसरी तक्रार गॉगलची. भर दुपारी आकडे नाहीसे होतात आणि लोक गाडी सर्व्हिसला नेतात. काचेवरून तिरका परावर्तित झालेला प्रकाश बराचसा आडव्या दिशेने ध्रुवित असतो, आणि पोलराइज्ड गॉगल नेमका तोच प्रकाश अडवतो. मान खांद्याकडे कलती करा. आकडा उजळला तर गाडीत दोष नाही, गॉगल पोलराइज्ड आहे. साधा टिंटेड गॉगल घ्या. टेस्ट ड्राइव्हला स्वतःचा गॉगल लावूनच जा, आणि जमलं तर एक फेरी दुपारी आणि एक अंधार पडल्यावर मारा. जुळी प्रतिमा रात्रीच नीट कळते.

डॅशबोर्डवरच्या ज्या काळ्या चकचकीत खळग्यातून हा प्रकाश वर येतो, त्याला फार जपावं लागतं. नव्या गाडीची पूजा होते, सौंदत्तीचा भंडारा किंवा जोतिबाचा गुलाल उधळला जातो. तो खळग्यात पडला आणि कोरड्या फडक्याने पुसला तर झाकणावर बारीक चरे येतात आणि आकड्यांभोवती कायमची धूसर झाक उरते. पूजेआधी त्यावर स्वच्छ रुमाल पसरा. पावडर पडलीच तर आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग किंचित ओला मायक्रोफायबर, दाब न देता. खळग्यावर थेट स्प्रे मारू नका. डॅशबोर्डला चमक आणणारं सिलिकॉन पॉलिश तर गाडीत नकोच, कारण त्याची वाफ काचेच्या आतल्या बाजूला चिकटून आकडे पसरट दिसतात. गणपतीची किंवा महाराजांची मूर्ती डाव्या बाजूला बसवा. उजवीकडे बसवली तर तिचं प्रतिबिंब आकड्यांत मिसळतं.

एप्रिल-मेच्या उन्हात गाडी उभी करताना काचेमागे सनशेड लावा. ज्या आरशांनी प्रकाश बाहेर येतो त्याच वाटेने ऊन उलट आत जाऊन छोट्या स्क्रीनवर एकवटतं. फार तापल्यावर यंत्रणा स्वतःच प्रतिमा मंद करते किंवा बंद करते. एसी लावून थोडं थांबलं की ती परत येते. प्रतिमेत कायमचा पिवळा डाग दिसू लागला तर मात्र स्क्रीन भाजलेला असण्याची शक्यता आहे.

पावसाळ्यात आंबोली किंवा चोर्ला घाटात धुकं उतरलं की काच आतून घामेजते आणि आकडेही विरतात. आधी डीफॉग लावा. रात्री धुक्यात ब्राइटनेस हाताने कमी करा, बाण बंद करा, फक्त वेग ठेवा. नकाशाचंही एक विचारून घ्या: फोनवरच्या नकाशाचे बाण काचेवर येतात, की फक्त गाडीतल्या नकाशाचे? बऱ्याच गाड्यांत फक्त गाडीतल्याच नकाशाचे येतात. घाटात फोनची रेंज गेली की तोच नकाशा उपयोगी पडतो.

ऑगमेंटेड प्रकारात बाण थेट वळणावर ठेवल्यासारखा दिसतो. मर्सिडीजच्या २०२० च्या एस-क्लासमध्ये ही प्रतिमा सुमारे १० मीटर पुढे उभी राहते. अनोळखी शहरातल्या उड्डाणपुलाखाली तो कामाचा आहे, पण खडे बाजारातल्या गर्दीत त्याने फारसं काही साधत नाही. बाजारात मिळणारे, ओबीडीला (गाडीच्या तपासणीसाठी दिलेलं सॉकेट) जोडायचे स्वस्त एचयूडी डबे मात्र टाळा. त्यांत अंतर्वक्र आरसा नसतो, म्हणून प्रतिमा जवळच राहते आणि डोळ्यांना काहीच आराम मिळत नाही. जुळा आकडा तर साध्या काचेत असतोच.

एचयूडी आणि चांगले मॅट्रिक्स हेडलाइट (समोरच्या गाडीपुरता प्रकाश आपोआप झाकणारे) यांत एकच परवडत असेल तर खानापूर-लोंढा रस्त्यासाठी मी हेडलाइट निवडेन. फक्त एचयूडीसाठी वरचं मॉडेल घेऊ नका, आणि नंतर बसवून घेण्याच्या नादाला लागू नका. काच, डॅशबोर्ड, वायरिंग, कोडिंग सगळंच बदलावं लागतं. जुनी आलिशान गाडी बघत असाल तर समोरच्या काचेच्या कोपऱ्यातल्या खुणा बाजूच्या काचांशी ताडून पाहा. कंपनी किंवा साल वेगळं असेल तर काच बदललेली असू शकते. मग चासी नंबरवरून काचेचा पार्ट नंबर जुळवून घ्या, आणि सौदा अंधार पडल्यावर आकडे बघूनच ठरवा.