सत्तुआकडचे मोजे

पावसाळ्यात दोरीवर दोन-दोन दिवस दमट राहणारे पायमोजे चाचपून पाहताना मला हटकून इंग्लंडच्या उत्तरेकडील विंडोलांडा हा रोमन किल्ला आठवतो. सम्राट हेड्रियनने इ. स. 122 मध्ये बांधायला घेतलेली, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुमारे 117 किलोमीटर गेलेली भिंत तिथून जवळच आहे; पण किल्ला तिच्याही आधीचा. तिथल्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीतून 1973 मध्ये पोस्टकार्डाएवढ्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या, शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या निघू लागल्या आणि त्यांतल्या एकीवर कोणीतरी कोणालातरी कळवले आहे की सत्तुआकडचे (सत्तुआ हा माणूस की गाव, कोण जाणे) मोजे, चपलांचे दोन जोड आणि दोन लंगोट पाठवले आहेत. मोज्यांचे जोड किती, तो आकडा मात्र फुटलेल्या कडेबरोबर गेला. साम्राज्याची सरहद्द राखणाऱ्या माणसाचे पाय गारठत होते, हे मला भिंतीच्या लांबी-रुंदीपेक्षा अधिक खरे वाटते.

आपल्या गडांवरच्या सबनिसाने धरावी तशी तुंग्रियन पलटणीची हजेरीही सापडली आहे: एकूण 752, त्यांपैकी 456 बाहेर कामगिरीवर आणि 296 हजर, हजर असलेल्यांतही 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जणांचे डोळे आलेले. ही पलटण मुळात आजच्या बेल्जियमच्या बाजूला उभारलेली, म्हणजे रोमने आधी जिंकलेल्या मुलखातली. दुसऱ्या एका पत्रात मास्क्लुस नावाचा घोडदळाचा अधिकारी वरिष्ठाला पुढचा हुकूम विचारतो आणि जाता जाता सांगतो की शिपायांकडची बिअर संपली आहे, तेवढी पाठवायला सांगावी. या माणसांबद्दल आपुलकी वाटू लागते, हे मी नाकारत नाही.

पण आणखी एका पट्टीवर स्थानिक लोक लढतात कसे याची टिपणवजा नोंद आहे आणि तीत त्यांच्यासाठी ‘ब्रिटुंकुली’ असा शब्द आला आहे. आपण रागाने पोराचे ‘पोरटे’ करतो, त्या धाटणीचा. ज्यांच्या माळरानावर हा सारा संसार थाटला होता, त्यांचा उल्लेख असा, तुच्छतेने.