तुम्ही विचारलंत म्हणून: सणाच्या गोडात देव कुठे असतो?

प्रश्न साधारण असा असतो. "तुमचे सप्टेंबर-ऑक्टोबरचे सण तर फार गंभीर. देव वर्षभराचा न्याय करतो, तुम्ही पापांची क्षमा मागता, पंचवीस तासांचा निर्जळी उपास धरता. मग त्याच दिवसांत हलवा, पुऱ्या, शरबत यांचा एवढा घाट कशाला? त्यात भक्ती कुठे येते?" शेजारी विचारतात, ऑफिसातले विचारतात, लेकीच्या मैत्रिणीही विचारतात. मनापासून विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आमचा समाज वाढला, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आले. आमची आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने आम्हाला 'शनिवार तेली' म्हटलं. सणांची जुनी नावंही मराठीच. रोश हशाना, आमचा वर्षारंभ, म्हणजे नव्याचा सण, योम किपूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दारफाळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. नव्याच्या सणामागोमाग खिरीचा सणही असायचा. आज ही नावं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच ऐकू येतात.

आता उत्तर. ते माझं नाही, बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातलं आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले ज्यू लोक यरुशलेमात पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले होते. दिवस होता सातव्या महिन्याचा पहिला, म्हणजे आमचा नव्याचा सणच. एज्रा या शास्त्र्याने तोरा, म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, वाचायला घेतली आणि ती ऐकता ऐकता लोक रडू लागले, कारण आपण किती चुकलो हे त्यांना कळत होतं. त्या क्षणी कोणीही धर्मोपदेशक त्यांना आणखी रडू देईल असं आपल्याला वाटेल. त्यांचा अधिकारी नहेम्या, एज्रा आणि मंदिराचे सेवक लेवी मात्र त्यांना म्हणाले की रडू नका. घरी जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलेलं नाही त्याला वाटा पाठवा. आजचा दिवस पवित्र आहे, आणि परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ.

म्हणजे दिवस पवित्र आहे म्हणूनच गोड खायचं. मी लहानपणापासून जे करत आले, त्याचं कारण मला या एका जागी मिळालं. गोड आहे, आणि वाटा पाठवायचाही आहे. त्यातलं एक काढलं की दुसऱ्याला अर्थ उरत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आमच्याकडचं हे गोड म्हणजे चिकाचा हलवा. कुरडयांसाठी जसा गव्हाचा चीक काढतात तसाच. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे, चीक खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी ओतून टाकायचं. मग नारळ. एक-दोन नारळांनी काही होत नाही, भरपूर दूध लागतं. चीक, नारळाचं दूध, साखर एकत्र करून मंद आचेवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं. हात थांबला की तळाला लागतं. सुरुवातीला वाटतं की हे कधी घट्ट होणारच नाही. मग अचानक डाव जड होतो, मिश्रण कडा सोडू लागतं, नारळाचं तेल सुटतं. पण तेवढ्याने झालं असं समजायचं नाही, पुढेही बराच वेळ घोटायचं. वेलची-जायफळ घालून, थोडा गुलाबी रंग देऊन ताटांत ओतायचं, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबायचे आणि गार झालं की शंकरपाळ्याच्या आकारात कापायचं. आता पुष्कळ घरी कॉर्नफ्लॉवरचा किंवा चायना ग्रासचा हलवा करतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण आमच्या घरी चीकच.

नारळाचं दूध का, हेही सांगायला हवं. आमच्या धर्मनियमाप्रमाणे मांस आणि दूधदुभतं एका जेवणात चालत नाही. सणाच्या जेवणात मटण किंवा कोंबडी असतेच, मग त्यावर खव्याची मिठाई कशी खाणार? कोकणातल्या आमच्या बायकांनी परसातला नारळ घेतला आणि नियमाला धक्का न लावता सण गोड केला. आजूबाजूला दूध-तूप असताना, जवळपास कोणी शिकवणारा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नसताना, त्यांनी हा नियम चुलीपाशी जपला. हलवा ढवळताना मला त्या बायकांची आठवण येते आणि माझी प्रार्थना तिथेच सुरू होते. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, शोफार हे शिंग फुंकतात तेव्हा अंगावर काटा येतो, हे खरंच. पण नव्या वर्षाची माझी तयारी आदल्या दिवशी, हातात डाव असतानाच झालेली असते.

नव्याच्या सणाच्या रात्री जेवणाआधी छोटे छोटे घास असतात. सफरचंद मधात बुडवायचं, खजूर, डाळिंब, दुधी, बीट. प्रत्येक घासाआधी देवाकडे एक मागणं. डाळिंबाच्या दाण्यांइतकी आमची सत्कर्मं होवोत, हे मुलांना सगळ्यांत आवडतं. ही पद्धत कोणी हौसेने काढलेली नाही. तालमूद या आमच्या धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथात आबये नावाचे चौथ्या शतकातले पंडित सांगतात की वर्षारंभी भोपळा, रुबिया, कांद्याच्या जातीची पात, चुकंदराचा पाला आणि खजूर घ्यावेत. रुबिया म्हणजे काहींच्या मते चवळी, काहींच्या मते मेथी. बाबेलच्या पंडितांनी सांगितलेली ही यादी घेऊन मी ठाण्याच्या भाजीवाल्याकडे जाते आणि सगळं तिथल्या टोपल्यांतच असतं, याचा मला दरवर्षी नव्याने आनंद होतो. दुसऱ्या रात्री मोसमातलं नवं फळ ठेवतात आणि आम्हाला या दिवसापर्यंत जिवंत ठेवलंस म्हणून देवाचे आभार मानतात. आमच्याकडे ते बहुतेक वेळा सीताफळ असतं.

दारफाळणीच्या दिवशी, म्हणजे त्याच महिन्याच्या दहाव्या दिवशी, तर खाण्याचं नावच नाही. पांढरे कपडे, दिवसभर तेफिल्ला, म्हणजे प्रार्थना. जुन्या काळी लोक खरोखर दार लावून घेत. पण आदल्या दिवसाबद्दल तालमूद म्हणतो की जो नवव्या दिवशी खातो-पितो, त्याने नवव्या आणि दहाव्या दोन्ही दिवशी उपास केला असं धरावं. म्हणजे उपासाच्या आधीचं जेवण हा उपासाचाच भाग. उपास चालू असतानाही एक गोष्ट मोकळी असते, ती म्हणजे वास. दिवसाला शंभर आशीर्वाद, म्हणजे देवाची स्तुती करणाऱ्या छोट्या प्रार्थना, म्हणाव्यात अशी परंपरा आहे. एरवी त्यांतले पुष्कळसे खाण्यापिण्याचे असतात, उपासाच्या दिवशी ते कमी पडतात. मग सुगंधी वस्तू हुंगून त्यावरचा आशीर्वाद म्हणतात. सेफर्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, ज्यूंत कुठे कुठे लवंगा टोचलेलं फळ हातोहात फिरतं. मी सब्जाची डहाळी रुमालात घेऊन जाते. दुपारी, डोकं दुखायला लागतं आणि पुस्तकातली ओळ पुढे सरकत नाही अशा वेळी ती हुंगायची. देवाने पोट रिकामं ठेवायला सांगितलं, पण नाकाला दिलेलं सुख काढून घेतलं नाही, हे तेव्हा इतकं स्पष्ट जाणवतं की पुढची तेफिल्ला मी जाग्या मनाने म्हणते.

संध्याकाळी उपास सुटतो तो काळ्या मनुकांच्या शरबताने. मनुका भिजवून, कुस्करून, गाळून घेतात. किद्दुशला, म्हणजे शब्बाथ-सणाच्या पेल्यावरच्या प्रार्थनेलाही, आम्ही वाइनऐवजी हेच घेतो. बरोबर करंजीसारखी सारण भरलेली पुरी. तो पहिला घोट कसा लागतो हे मला लिहून सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे एकमेकांकडे जायचं आणि दानधर्म करायचा.

मग सुक्कोथ, मांडवाचा सण. सिनेगॉगच्या आवारात झावळ्यांचा मांडव घालतात. छप्पर असं हवं की वर तारे दिसावेत. त्याला फळं टांगलेली असतात आणि लहान मुलं त्यांच्याकडे बघत बसतात. आपल्याकडे याच दिवसांत परतीचा पाऊस असतो. पाऊस आला तर मांडव कधी सोडावा? मिश्ना या तालमूदाच्या मूळ नियमसंग्रहात त्याचं माप दिलंय. पातेल्यातली लापशी बिघडेल इतका पाऊस झाला की आत जावं. ज्या धर्मात लापशी बिघडण्याचाही विचार केलेला आहे, त्यात खाणं हे भक्तीच्या बाहेरचं कसं असेल?

मोशे बेन मैमोन, म्हणजे रामबाम, या थोर ज्यू पंडितांनी बाराव्या शतकात सणाच्या आनंदाचे नियम लिहिले. मुलांना भाजलेले दाणे, अक्रोड-बदाम आणि गोड खाऊ द्यावा. बायकांना ऐपतीप्रमाणे कपडे-दागिने घ्यावेत. पण पुढचं वाक्य कडक आहे. जो आपलं दार लावून घेतो, बायकामुलांबरोबर खातो-पितो आणि गरिबाला, दुःखी माणसाला काही देत नाही, त्याचा आनंद हा धर्माचा आनंद नव्हे, तो पोटाचा आनंद. तुमच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. म्हणून आमच्याकडे आधी डबे भरायचे आणि मग ताटात वाढायचं, हा आईने घातलेला नियम मी मोडू देत नाही. पहिला डबा इमारतीच्या वॉचमनचा आणि दुसरा एकट्या राहणाऱ्या आजींचा, त्यानंतर बाकीचे.

"मग ज्यांना मधुमेह आहे त्यांचं काय?" हेही विचारतात. माझ्या वडिलांना आहे. खाऊन झाल्यावरचा आशीर्वाद म्हणायला ऑलिव्हच्या फळाइतकं तरी खाल्लेलं लागतं, पण खाण्याआधीच्या आशीर्वादाला असं काही माप नाही. कण खाल्ला तरी तो म्हणायचा. पप्पा मधाचं बोट लागलेली सफरचंदाची पातळ चकती घेतात, डोक्यावरची टोपी सारखी करतात आणि पूर्ण आशीर्वाद सावकाश म्हणतात. मग डोळे मिटून खातात. त्यांच्याइतका सण आमच्यातलं कोणी साजरा करत असेल असं मला वाटत नाही.

शेवटी सिम्हाथ तोरा, म्हणजे तोराच्या आनंदाचा सण. तोराच्या गुंडाळ्या घेऊन फेर धरायचा, गायचं, मुलांचे खिसे खाऊने भरायचे. त्यानंतरच्या हेश्वान महिन्यात आम्हाला एकही सण नाही. पण बहुतेक वर्षी तोवर दिवाळी आलेली असते, आणि हलवा घालून पाठवलेले डबे चकल्या-लाडू भरून परत येतात. माझी लेक ते उघडते आणि आधी पप्पांना विचारते की यावर कुठला आशीर्वाद म्हणायचा.